स्वस्त लॅपटॉपची पारख



कवीनं लॅपटॉपवर बोलावं, हे जरा विचित्रच. पण त्यामागे एक घरगुती कारण आहे. मिरजेत माझ्या भाच्याचं शाळेचे गणवेश शिवायचं लहानसं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं फोटो पाहून घरबसल्या एक अगदी स्वस्त लॅपटॉप मागवला. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! ऐन जूनमध्ये तो बंद पडला. पावणेतीनशे मुलांची मापं त्यातच होती. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘साठवणीची चिप मदरबोर्डलाच जोडलेली आहे, काढून दुसरीकडे लावता येणार नाही.’ भाचा गळ्यात टेप टाकून पुन्हा शाळेच्या व्हरांड्यात उभा राहिला.

यंदा त्यानं तीस हजार रुपये जमवले आणि म्हणाला, "मामू, या खेपेला तुम्ही सोबत चला." मी बी. ए., तेही मराठी घेऊन. पण चार दुकानं हिंडलो, विचारत राहिलो. जे उमगलं ते सांगतो.

पहिली गोष्ट रॅमची. रॅम म्हणजे शिंप्याचं कापड बेतायचं टेबल. टेबल लहान असेल, तर एक तागा गुंडाळल्याशिवाय दुसरा उलगडता येत नाही. ४ जीबीत काम निघतं, पण बिल, व्हॉट्सअ‍ॅप आणि इंटरनेट एकदम उघडलं की यंत्र धापा टाकतं. म्हणून ८ जीबी घ्यावी. आणि पुढे वाढवायला जागा आहे का, हेही विचारावं.

दुसरी गोष्ट साठवणीची. ते कपाट. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते. आता ६४ जीबीचंच कपाट घेतलं, तर घरमालकाचंच सामान त्यात मावणार, भाडेकरूनं कुठं जावं? शिवाय अशा स्वस्त यंत्रांत बहुधा ईएमएमसी ही संथ चिप असते. किमान २५६ जीबीची एसएसडी हवी.

तिसरी गोष्ट पडद्याची. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर आमच्या देवनागरीचे अनुस्वार आणि रफार अंधुक दिसतात. १९२० बाय १०८० चा पडदा डोळ्यांना सुख देतो. मात्र तो दुकानातल्या दिव्यांखाली नव्हे, दाराशी नेऊन उजेडात पाहावा. तिथेच चार ओळी मराठीत टाइप करून कीबोर्डही तपासावा.

चौथी गोष्ट कामाची. आपल्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आधी ठरवा, यंत्र मागाहून. क्रोमबुक हलकं आणि सोपं. इंटरनेटवरच्या कामाला, मुलांच्या अभ्यासाला पुरतं. पण हिशेबाची बरीच सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात. बिलाचा प्रिंटर जोडायला नेहमीचा यूएसबी पोर्ट आहे ना, तेही पाहा. सोबत मिळणारं ऑफिस कायमचं की काही दिवसांपुरतं, हे विचारा. पत्रं आणि साध्या तक्त्यांना लिबरऑफिस हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं.

जुना, म्हणजे वापरलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेली यंत्रं मजबूत असतात. पण विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हा ते यंत्र विंडोज ११ अधिकृतपणे घेतं का, याची खात्री करा. बॅटरी किती टिकते, हे जाहिरातीवरून ठरवू नका; पडदा उजळ ठेवून अर्धा तास चालवून पाहा.

शेवटी बिल. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. दुकानदार नियमित नोंदणीचा असेल आणि यंत्र धंद्यासाठी असेल, तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. त्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतल्याला ती मिळत नाही. वॉरंटीत दुरुस्तीला माणूस घरी येणार, की यंत्र घेऊन आपणच गावोगाव फिरायचं, हे पैसे देण्याआधी विचारावं.

आम्ही घेतला तो लॅपटॉप ठरल्यापेक्षा दोन हजारांनी महाग पडला. भाचा कुरकुरला. मी म्हटलं, "पावणेतीनशे मापं पुन्हा घ्यायची मजुरी किती झाली होती रे?" तो गप्प झाला.

आता दर शुक्रवारी नमाजला निघण्याआधी तो सगळ्या नोंदी एका वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवतो. कारण चांगलं यंत्रही एक दिवस दगा देतंच. माझ्या बहिणीचा मात्र कशावरच भरवसा नाही. तिनं गल्ल्याशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. मुलाचं माप आधी त्या वहीत उतरतं, मग लॅपटॉपमध्ये. मी चार दुकानं हिंडून जे शिकलो, ते आपाला घरबसल्या ठाऊक होतं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)