शोर्युकेन एकच, मारणारे तीन

फेब्रुवारी 2025 मध्ये आपल्या नगरला महाराष्ट्र केसरी झाली, आठवतंय ना? एकेरी पट सगळेच पैलवान शिकतात, पण उंचाचा वेगळा बसतो, बुटक्याचा वेगळा. ‘स्ट्रीट फायटर’मधला शोर्युकेन अगदी तसाच.

पुढे, खाली, तिरपं पुढे, पंच. अंगठ्याचं काम तेवढंच. 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये र्‍यू आणि केन जवळपास सारखेच होते. 1992 च्या ‘चॅम्पियन एडिशन’मध्ये केनचा जोराचा शोर्युकेन पुढे झेपावायला लागला, 1993 च्या ‘सुपर’मध्ये तर पेटलाच. र्‍यू मात्र सरळ वर. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन तेच, पॅरामीटर बदलले.

पण मला भारी वाटतो तो सगट. र्‍यूच्या शोर्युकेननं त्याची छाती फाटली, तो व्रण अजून दिसतो. आणि सगटचा टायगर अपरकट? बटणं तीच! ज्या दावानं पाडलं, त्याच जातीचा दाव घेऊन गडी परत उभा राहिला.

आता कामाचं. तिघांपैकी कुणीही उडाला की घाबरून बटणं बडवू नका. ब्लॉक धरा. हुकलेला माणूस खाली येईपर्यंत उघडाच असतो, तिथं धरायचा.