हमीचा कागद आणि गावचा डोंगर

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेले भाषण)



खाणींच्या प्रश्नावर या व्यासपीठावरून यापूर्वी पुष्कळ बोलले गेले आहे. खाण हवी की नको, या वादात आज आम्ही शिरत नाही. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे, आमचा संबंध कागदाशी. म्हणून खाणमालकाने सरकारकडे ठेवलेल्या एका कागदाबद्दलच बोलतो. तो कागद म्हणजे बँक गॅरंटी.

2003 साली खनिज संवर्धन व विकास नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार खाण बंद करण्याचा आराखडा आणि वित्तीय हमी देणे लीजधारकाला बंधनकारक झाले. खड्ड्याचे काय करणार, डंप कसा रोखणार, त्यावर झाडे कशी लावणार, पावसाचे पाणी कुठे वळवणार, हे सगळे आराखड्यात लिहायचे. हे काम मालकाने केले नाही तर ते दुसऱ्याकडून करून घेण्यासाठीचे पैसे म्हणजे हमी. काम होत नाही असे दिसले की नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोने 30 दिवसांची नोटीस द्यायची, समाधानकारक उत्तर आले नाही तर हमी जप्त करण्याचा आदेश काढायचा. मग राज्य सरकारने बँकेकडून पैसे वसूल करून ते काम स्वतः करायचे किंवा कुणाकडून तरी करून घ्यायचे. कागदावर व्यवस्था चोख आहे.

आता रक्कम पाहा. मोठ्या, यांत्रिक खाणींसाठी 2003 चा दर होता, वापरात आलेल्या जमिनीच्या हेक्टरमागे 25 हजार रुपये. हेक्टर म्हणजे 10 हजार चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला अडीच रुपये! 2017 च्या नियमांनी हा दर 3 लाख केला आणि 2021 च्या दुरुस्तीने 5 लाख. वाढ मोठी वाटते, पण भागाकार केला की चौरस मीटरला 50 रुपये येतात. अंगणात साधी फरशी घालायची म्हटली तरी याहून जास्त लागतात.

आणि इथे प्रश्न अंगणाचा नाही. आपल्या गोव्यात एक टन खनिज काढताना साधारण अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. समजा, एका हेक्टरवर सरासरी 20 मीटर उंचीचा डंप आहे. त्यात 2 लाख घनमीटर माती झाली. 5 लाखांची हमी पूर्ण जप्त केली तरी घनमीटरला अडीच रुपये हातात येतात. तेवढ्यात ट्रकाचे डिझेलही सुटणार नाही.

अमेरिकेत कोळशाच्या खाणींसाठी 1977 साली कायदा झाला. तिथे हमीची रक्कम ठरवताना मालक पळाला तर सरकारला तेच काम करायला किती खर्च येईल, हा हिशेब धरतात. हमीही एकदम परत करत नाहीत, टप्प्याटप्प्याने सोडतात. मात्र तिथेही एक पळवाट राहिली. काही राज्यांत मोठ्या कंपन्यांना बाहेरच्या तारणाशिवाय स्वतःच्याच शब्दावर हमी देता येत असे. 2015 आणि 2016 मध्ये अल्फा, आर्च आणि पीबॉडी या कंपन्यांनी एकामागून एक दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्या शब्दाची किंमत सर्वांना कळली. हमी तिसऱ्याची असावी आणि पुरेशी असावी, हा त्यातला धडा.

दुसरी गोष्ट तारखेची. बँक गॅरंटी हे आमचे रोजचे काम. ज्याच्या नावे गॅरंटी आहे त्याने मुदतीत लेखी मागणी केली, तर बँकेला पैसे द्यावेच लागतात. मालकाची तक्रार सहसा आड येत नाही. पण दाव्याची मुदत संपली की तो कागद रद्दी. आमच्या काउंटरवर एका खात्याचा माणूस मुदत उलटून तिसऱ्या दिवशी पत्र घेऊन आलेला आम्ही पाहिला आहे. त्याला चहा पाजला, पैसे देता आले नाहीत. खाणीच्या बाबतीत तर आदेश काढणारे कार्यालय एक आणि वसुली करणारे दुसरे. दोघांच्या मध्ये तारीख निसटू नये, हे कुणी पाहायचे?

आपल्याकडचा क्रम आठवा. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लीजांची मुदत नोव्हेंबर 2007 मध्येच संपली होती. 7 फेब्रुवारी 2018 रोजी नूतनीकरण झालेली 88 लीजे रद्द झाली. डिसेंबर 2022 पासून लिलाव सुरू झाले. दर वेळी मालक थांबला, पण पाऊस थांबला नाही. डिचोली, सत्तरी, सांगेच्या व्हाळांतून येणारी तांबडी माती शेतात उतरते, कुळागरात उतरते. खाते नव्या मालकाच्या नावावर झाले म्हणून जुन्याचे देणे फिटत नाही.

म्हणून मंडळासमोर एकच सूचना ठेवतो. ज्या गावांत आपली घरे आणि शेते आहेत, तिथल्या प्रत्येक लीजबद्दल 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली पाच प्रश्न विचारावेत. हमी किती रुपयांची? कोणत्या बँकेची? मुदत कोणत्या तारखेपर्यंत? किती हेक्टर जमीन वापरात धरली? जप्तीची नोटीस कधी निघाली का? आलेली उत्तरे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावीत आणि इतिवृत्तात नोंदवावीत. कोणतीही जुनी हमी परत करण्यापूर्वी गावासमक्ष जागेची पाहणी व्हावी, असा ठरावही करावा. अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आपल्या वाडवडिलांनी जमीन गहाण ठेवली तरी गहाणखताची तारीख ते कधी विसरले नाहीत. आज आपल्या डोंगराच्या नावावर कुणीतरी हमी लिहून दिली आहे. तिची तारीख आपल्यालाच पाठ असायला हवी.