पुस्तकांचं कपाट भिंतीला बांधा
(मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण)



आज २७ फेब्रुवारी. मला पुस्तकांवर बोलायला सांगितलं होतं. पण पुस्तकांवर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून मी पुस्तकांच्या कपाटावर बोलणार आहे. हसू नका, कारण सांगतो.

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. मी कपाट साफ करायला घेतलं. वाकायचं काम आधी उरकावं म्हणून खालचे तीन कप्पे रिकामे केले, वरचे दोन तसेच भरलेले ठेवले आणि चहा घ्यायला आत गेलो. आमचा चार वर्षांचा नातू तेवढ्यात मधल्या कप्प्यावर पाय देऊन वर चढला. कपाट पुढे आलं. सूनबाई तिथेच होती, तिने दोन्ही हातांनी ते धरलं आणि मला हाक मारली. पोराला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक शंभर टक्के माझी होती.

दुसऱ्या दिवशी मी वजनकाटा घेऊन बसलो. एक फूट लांबीच्या पुस्तकांच्या ओळीचं वजन सरासरी नऊ-दहा किलो भरलं. म्हणजे तीन फूट रुंद, पाच कप्प्यांचं कपाट भरलं की दीडशे किलोच्या घरात जातं! आणि त्याची खोली किती? जेमतेम एक फूट.

आता थोडा हिशोब. सहा फुटी कपाट सगळीकडे सारखं भरलं, तर त्याचा भार तीन फुटांवर एकवटतो. अशा कपाटाचं वरचं टोक साधारण फूटभर पुढे झुकलं की ते आपोआप पडतं. जड पुस्तकं वर ठेवली आणि भार चार फुटांवर गेला, तर नऊ इंच पुरतात. भार दोन फुटांवर आणला, तर दीड फूट लागतो. म्हणून शब्दकोश, विश्वकोश, बांधलेले दिवाळी अंक खाली. पातळ पुस्तकं वर. आणि साफ करताना रिकामं करायचं ते वरून खाली, भरायचं ते खालून वर. मी नेमकं उलटं केलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या घरांतलं स्कर्टिंग. ते भिंतीच्या पुढे येतं, त्यामुळे कपाट भिंतीला टेकतच नाही, मागे फट राहते. वरच्या बाजूला त्या फटीच्या मापाची लाकडी पट्टी लावा. फरशीला उतार असेल तर पुढच्या पायांखाली पातळ पाचर द्या, म्हणजे कपाट किंचित मागे रेलेल. वर्तमानपत्राची घडी घालू नका. ती दबते, आणि फरशी पुसताना भिजते.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: कपाट भिंतीला बांधा. वरच्या दोन्ही टोकांना एकेक एल पट्टी लावा. पट्टीचा स्क्रू जाड फळीत बसवा, मागच्या पातळ प्लायमध्ये नको. तो पहिल्याच हिसक्याला सुटेल. भिंतीत गिट्टी प्लास्टरच्या पुढे विटेपर्यंत गेली पाहिजे, म्हणून स्क्रू किमान दोन इंची घ्या. ड्रिल करताना लाल भुकटी आली की समजा वीट लागली. नुसती वाळू येत राहिली तर तो सांधा आहे, दोन इंच बाजूला सरका. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, आत वायरिंग असतं. बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा, आत पाइप असतात. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाला आधी विचारा. भोक नंतर बुजवता येतं.

आणखी एक. कपाटाच्या माथ्यावर बाहुली किंवा खाऊचा डबा ठेवू नका. मुलं पुस्तकांसाठी क्वचितच चढतात, डब्यासाठी हमखास!

कोणी म्हणेल, 'पंचवीस वर्षं कपाट उभं आहे, काही झालं नाही.' माझंही तेवढीच वर्षं उभं होतं. पण तेव्हा घरात चार वर्षांचा माणूस नव्हता. शिवाय भूकंपाला आपण काही अपवाद नाही. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

एकूण खर्च म्हणाल, तर पट्ट्या, गिट्ट्या, स्क्रू आणि अर्धा तास. ड्रिल मशीन माझ्याकडे आहे. ज्यांना हवं त्यांनी ऑफिसातल्या वहीत फ्लॅट नंबर लिहा, मी येतो. फक्त दुपारी दोन ते चार सोडून, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू मला सोडणार नाहीत! सुरुवात सोसायटीच्या वाचनालयातल्या दोन कपाटांपासून करू, कारण तिथे आपल्या सगळ्यांचीच मुलं येतात.

मुलांनी पुस्तकांपर्यंत पोहोचावं असं आपण म्हणतो. मग ती हात लावतील ते कपाट पक्कं असायला हवं, एवढंच माझं सांगणं.