उंबरठ्याआडचा कारभार

शुश्रूषा आणि समाजकार्य या शाखांची पदवी आज ज्या स्नातकांच्या हाती पडत आहे, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे कुणाच्या तरी घरातील मागच्या खोलीत, खाटेशेजारी उभे राहून काम करावे लागणार आहे. त्या खोलीतील सेवेचे नेतृत्व कोणी करायचे आणि तिचा कारभार कसा चालवायचा, याचा विचार शिकवण्याच्या ओघात बहुधा राहून जातो. गृहशुश्रूषा म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या, दीर्घ आजाराने ग्रासलेल्या किंवा वार्धक्याने परावलंबी झालेल्या व्यक्तीला तिच्या राहत्या घरी नियमितपणे दिली जाणारी वैद्यकीय व शारीरिक सेवा; आणि कारभार म्हणजे त्या सेवेतील निर्णय कोणी घ्यायचे, पैसा कोठून आणायचा व चूक झाल्यास जाब कोणी कोणाला विचारायचा, याची ठरलेली व्यवस्था.

वॉर्डात सिस्टर-इन-चार्जची नजर फिरत असते, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक पाहत असतात आणि पाळी बदलताना एकीचे काम दुसरीच्या डोळ्यांखालून जाते. घरात यांपैकी काहीच नसते. तेथे परिचारिका एकाच वेळी जाणकारही असते आणि परकीही; औषध किती वाजता द्यायचे हे ती सांगते, परंतु ते खरोखर दिले जाते की नाही हे त्या घरातील सून किंवा मुलगी ठरवते, आणि सेवेचा प्रमुख तर त्या वेळी दूर कार्यालयात असतो. केवळ देखरेखीच्या बळावर उभे असलेले नेतृत्व अशा ठिकाणी उंबरठ्याशीच संपते, म्हणून निर्णयाचा अधिकार आणि उत्तरदायित्व या दोन्ही गोष्टी खाटेच्या जितक्या जवळ नेता येतील तितक्या न्याव्या लागतात.

हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले ते केरळने. कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. उपशामक सेवा, म्हणजे आजार बरा होण्याजोगा नसतानाही वेदना, श्वासाचा त्रास आणि मनाचा क्लेश कमी करणारी सेवा, हे तिचे काम होते. पण ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती त्यांना बाह्यरुग्ण विभागापर्यंत येताच येत नव्हते, हे लवकरच ध्यानात आले. त्यातून पुढील दशकाच्या आरंभी उत्तर केरळात, विशेषतः मलप्पुरम जिल्ह्यात, शेजारसमूहांचे जाळे उभे राहिले. प्रशिक्षण घेतलेले स्थानिक स्वयंसेवक रुग्ण शोधत, छोट्या छोट्या देणग्यांतून पैसा उभा करत आणि त्या पैशातून परिचारिकेची व डॉक्टरांची व्यवस्था करत. या रचनेतील खरी क्रांती येथे आहे: वैद्यकीय जाणकारी डॉक्टरांकडेच राहिली, पण सेवा कोणापर्यंत पोहोचली आणि कोणापर्यंत नाही, हे विचारण्याचा अधिकार गावाकडे आला.

केरळ सरकारने २००८ साली उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले, आणि देशात असे धोरण करणारे ते पहिले राज्य ठरले. ग्रामपंचायतीने आपल्या योजनेतून निधी द्यायचा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने अंमलबजावणी करायची आणि प्रशिक्षित परिचारिकेने आशा कार्यकर्ती व स्वयंसेवकांसह घरोघर जाऊन लघवीची नळी बदलणे, पाठीच्या जखमा धुणे, नातेवाइकांना कूस पालटायला शिकवणे ही कामे करायची, अशी ती मांडणी आहे. ती टिकली याचे श्रेय करुणेइतकेच हिशेबाच्या वहीला द्यावे लागते, कारण १९९६ च्या लोकयोजना मोहिमेपासून तेथील पंचायतींच्या हाती स्वतः ठरवून खर्च करण्याजोगा निधी होता. ज्या पंचायतीकडे असा निधी नाही, तिच्यावर नुसती जबाबदारी टाकल्याने गृहशुश्रूषा उभी राहत नाही. या रचनेत जोखीमही आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. दारात येणारा स्वयंसेवक शेजारीच असल्यामुळे घरातील आजार गावभर होण्याचे भय खरे असते; म्हणून गोपनीयतेचा नियम कार्यकर्त्याच्या चांगुलपणावर न सोडता प्रशिक्षणात आणि लेखी शिस्तीत आणावा लागतो.

नेदरलँड्समध्ये योस दे ब्लोक या परिचारकाने २००६ साली उभारलेली ब्यूर्टझोर्ग ही संस्था वेगळ्या वाटेने याच जागी पोहोचली: तेथे जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा गट व्यवस्थापकाविना आपले रुग्ण, वेळा आणि कामाची वाटणी स्वतः ठरवतो.

महाराष्ट्राकडे या क्षेत्रातील मोलाची परंपरा आहे. मुंबईचे शांती आवेदना सदन १९८६ पासून, तर पुण्याचे सिप्ला उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून कार्यरत आहे. तरीही शहरांतील घरगुती रुग्णसेवेचा मोठा भाग नर्सिंग ब्युरोमार्फत चालतो, ज्यात बारा किंवा चोवीस तासांच्या ड्यूटीवर मावशी पाठवली जाते, ब्युरो आपले कमिशन घेतो, आणि रुग्णाला आज काय खाऊ घातले, किती वेळा कूस पालटली, कोणती गोळी राहिली, याची नोंद बहुधा कोठेच राहत नाही. खाटेपाशी ठेवलेली एक साधी वही, जिच्यात मावशी, परिचारिका आणि घरचे माणूस अशा तिघांनीही लिहावे व जी दर आठवड्याला कोणीतरी जबाबदार व्यक्तीने वाचावी, ही या सेवेतील कारभाराची पहिली पायरी आहे. न वाचली जाणारी वही मात्र नसल्यासारखीच.

कारभाराची दुसरी बाजू मावशीच्या सुरक्षिततेची आहे, आणि ती अधिक दुर्लक्षित आहे. परक्या घरात रात्रभर एकटीने राहणाऱ्या स्त्रीला काही सोसावे लागले तर ते घर तिच्यासाठी कार्यस्थळच आहे, हे २०१३ च्या कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने मान्य केले आहे. त्याच्या कार्यस्थळाच्या व्याख्येत राहत्या घराचा स्पष्ट समावेश आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती, आणि त्याहून कमी असतील तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती, अशी तक्रारीची सोय त्यात आहे. ज्या स्नातकांकडे उद्या एखाद्या गृहशुश्रूषा सेवेची सूत्रे येतील, त्यांनी त्या समितीचा पत्ता आणि रात्री-अपरात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक मावशीच्या हाती द्यायचा आहे, आणि तो तिने पहिल्या घराची पायरी चढण्याआधी द्यायचा आहे.