आमच्या वाचनखुणा



उल्हासनगर स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला तुम्ही पूर्ण पत्ता सांगायला लागलात, की तो मधेच थांबवून विचारतो, “कॅम्प कितवा?” फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. 1949 साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पुढे नगरपालिका आली, महानगरपालिका आली. छावणी जाऊन पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली, पण लोक अजून कॅम्प एक ते पाच असंच बोलतात. सरकारनं पाटी बदलली, लोकांनी आपली खूण सोडली नाही. आज मला अशाच खुणांविषयी बोलायचं आहे. फक्त त्या इंटरनेटवरच्या आहेत.

2005 साली मी बदलापूरला, नदीकडच्या बाजूला राहत होतो. बी. ए. झालेला, अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेब लिहिणारा, आणि रात्री कविता करणारा माणूस. 26 जुलैला उल्हास नदी घरात आली. पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात कात्रणं, शेख महंमद श्रीगोंदेकरांवरची टिपणं, 1990 साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं त्याबद्दलचे कागद, आणि एक वही. वहीत माझी अम्मी बोलायची ते शब्द होते. अम्मी तोवर गेली होती. शाईनं लिहिलेली वही पाण्यात किती वेळ टिकते, हे ज्यानं त्या दिवशी पाहिलं त्याला मी वेगळं काय सांगणार? पानं सोडवायला गेलो तर हाताला निळा लगदा लागला.

माझा भाचा तेव्हा कॅम्प तीनमधल्या एका सायबर कॅफेत काम करायचा. तो म्हणाला, “मामू, चला, तुम्हाला न भिजणारी वही दाखवतो.” ती वही म्हणजे डिलिशस नावाचं संकेतस्थळ. जोशुआ शॅक्टर नावाच्या अमेरिकन तरुणानं ते 2003 साली सुरू केलं होतं. इंग्रजीत त्याचं नाव मधेमधे ठिपके देऊन लिहायचे, ते मला कधीच पहिल्या फटक्यात जमलं नाही.

काम अगदी साधं. इंटरनेटवर वाचताना एखादं पान आवडलं की त्याचा पत्ता तिथे ठेवायचा आणि त्याला आपल्या शब्दांत एकदोन खुणा लावायच्या. आपण पुस्तकात मोरपीस ठेवतो, तसं. फरक एवढाच, की हे मोरपीस सगळ्यांना दिसायचं. तुम्ही ठेवलेलं पान आणखी कुणी ठेवलं आहे, त्यानं त्याला काय म्हटलं आहे, हे कळायचं. ग्रंथालयात विषयवारी ग्रंथपाल ठरवतो. आपल्या रंगनाथनांनी तर 1933 साली त्यासाठी अख्खी कोलन पद्धत रचली. इथे मात्र विषय ठरवणारा वाचक. खुणेत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली चालत नसे, म्हणून मी ‘अम्मीचेशब्द’ असं सलग लिहायचो. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शके 982च्या, म्हणजे 1060 सालच्या शिलालेखाविषयीचं एक पान मी ‘शेजार’ या खुणेखाली ठेवलं. कोणत्याही ग्रंथपालानं ते तिथे ठेवलं नसतं.

एकदा शेख महंमदांच्या ‘योगसंग्रामा’विषयीचं एक पान ठेवलं आणि पाहिलं, तर ते आधीच कुणीतरी ठेवलं होतं. खूण होती ‘आजोबा’. बस, एवढंच. कोण होता तो? त्याचे आजोबा ओव्या म्हणत होते, की हा आपला सोळाव्या-सतराव्या शतकातल्या संतालाच आजोबा म्हणत होता? मी त्या सायबर कॅफेत पंख्याखाली बराच वेळ तसाच बसून राहिलो. तासाचे पैसे भाच्यानं घेतले नाहीत.

आता पुढची हकिकत. डिसेंबर 2005मध्ये याहू कंपनीनं डिलिशस विकत घेतलं. 2008मध्ये त्याचं रूप बदललं, नावातले ठिपके गेले. माझी सोयच झाली. त्या वर्षाअखेर तिथे 50 लाखांहून जास्त माणसं आणि 18 कोटी पत्ते होते. पण डिसेंबर 2010मध्ये कंपनीच्या आतल्या बैठकीतला एक तक्ता बाहेर फुटला. बंद करायच्या गोष्टींत डिलिशसचं नाव होतं. वाचकांची धावपळ उडाली. अखेर 2011मध्ये यूट्यूब काढणाऱ्या चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन यांच्या नव्या कंपनीनं ते घेतलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस नव्यानं मांडून पुन्हा सुरू केलं. ज्यांनी आधी संमती दिली त्यांच्याच खुणा नव्या घरी जाणार होत्या. माझी संमती माझ्या मुलीनं आठवणीनं दिली, नाहीतर माझा कारभार तुम्हाला ठाऊक आहे.

नवं घर दिसायला छान होतं. चित्रं मोठी, पानांचे गठ्ठे करून मांडायची सोय. पण एका गोष्टीचा विचार कुणी केला नव्हता. इंग्रजीत एक मोठा वाचकवर्ग आहे, जो आवडत्या कादंबऱ्यांतली, मालिकांतली पात्रं घेऊन स्वतः कथा लिहितो आणि एकमेकांच्या वाचतो. कोणत्या दोन पात्रांची कथा आहे हे सांगायला ते दोन नावांमध्ये तिरपी रेघ देतात. वर्षानुवर्षं त्यांनी लाखो कथांना अशा खुणा लावल्या होत्या. नव्या मांडणीत त्या तिरप्या रेघेवरून शोध घेता येईना. पत्ते सगळे जागेवर होते, कथाही होत्या. पण आपल्या भाषेत विचारलं तर घर उत्तर देईना. त्या लोकांनी सामान बांधलं.

ते गेले पिनबोर्डकडे. माचेइ त्सेग्वोव्स्की चालवत असलेलं, 2009 साली चालू झालेलं हे साधंसुधं संकेतस्थळ. पैसे घेऊनच सभासद करायचं, चित्रंबित्रं काही नाहीत. तो या कथा वाचणाऱ्यांपैकी नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, की तुम्हाला काय काय लागतं ते लिहून द्या. सगळ्यांनी मिळून लिहायला घेतलं आणि त्याची पाहता पाहता पुस्तिका झाली. मला या सबंध गोष्टीत हे विचारणं सगळ्यात मोठं वाटतं. रंगसफेदी करायला आलेल्या माणसानं आधी घरातल्या बाईला विचारावं, पाटावरवंटा कुठे असतो, तसं. आपल्याकडे रस्ते, बाजार, वाचनालयं नवी करताना हे किती वेळा विचारलं जातं, ते तुम्हीच आठवून पाहा.

डिलिशस पुढे आणखी हात बदलत गेलं. बदलापूरला म्हणे पूर्वी प्रवासी घोडे बदलत, म्हणून ते बदलापूर. पण घोडा बदलला तरी सामान पुढे जायचं. 1 जून 2017 रोजी डिलिशस विकत घेतलं ते त्याच त्सेग्वोव्स्कीनं, पस्तीस हजार डॉलरला. दोन आठवड्यांत त्यानं तिथे नव्या खुणा ठेवणं थांबवलं. जुन्या राहू दिल्या.

माझ्या खुणांचं काय झालं? दोष माझाच. मी ‘महंमद’ तीन तऱ्हांनी लिहिला होता, कुठे अनुस्वार, कुठे उकार, कुठे काहीच नाही. यंत्राच्या लेखी ती तीन माणसं. शिवाय अर्धे पत्ते मेलेले. काही पानं जिओसिटीजवर होती. ती याहूचीच फुकट जागा, 2009च्या ऑक्टोबरात बंद झाली. काही जुन्या शिवाजी फॉन्टमधली, आता उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आणि ‘आजोबा’ लिहिणाऱ्याचं नाव मी टिपून ठेवलं नव्हतं. वाटलं होतं, ते कुठे जातंय!

म्हणून गेल्या रमजानमध्ये मुलीला घेऊन बसलो. आता आम्ही अंबरनाथला राहतो, दुसऱ्या मजल्यावर, हे मुद्दाम. तिच्याकडे त्या यादीची एक प्रत राहिली होती. ती एकेक खूण वाचायची, मी वहीत लिहायचो. या वेळी शाई नाही, शिसपेन्सिल. जिथे पान उरलं नव्हतं तिथे त्यात काय होतं ते आठवेल तसं लिहिलं. ‘अम्मीचेशब्द’ या खुणेखाली सतरा पत्ते होते, त्यांतले चार उघडले. त्यावरून अम्मीचे आणखी शब्द आठवत गेले, तेही लिहिले. पहाटेपर्यंत एकोणचाळीस झाले.

मग ती ‘शेजार’वर आली. “अब्बा, शिलालेख इथे कसा? ‘इतिहास’मध्ये टाकू का?”

म्हटलं, “राहू दे तिथेच.”