रक्ताचा अहवाल वेळीच वाचावा
(गरोदर माता व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेले भाषण)



गरोदरपणात पायांवर थोडी सूज आली की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "एवढे चालायचेच." पुष्कळदा ते खरेही असते. परंतु वाढलेला रक्तदाब अनेकदा कोणतीही जाणीव करून न देता येतो. म्हणून "मला काही त्रास नाही" एवढ्यावर विसंबू नये.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाबाचा वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 वा त्याहून अधिक पुन्हा पुन्हा आढळला आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा रक्ताच्या अहवालात बिघाड दिसला, तर तो प्री-एक्लॅम्प्सिया असू शकतो. बाळाचे पोषण करणाऱ्या वारेला पुरेसे रक्त मिळाले नाही, तर ती काही घटक मातेच्या रक्तात सोडते. त्यांमुळे मूत्रपिंड, यकृत व मेंदू यांच्या रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते.

ही इजा रक्ताच्या तपासणीत दिसते. प्लेटलेटची संख्या 1 लाखाच्या खाली जाणे, क्रिएटिनिन 1.1 मिलिग्रॅमच्या वर जाणे, एसजीओटी व एसजीपीटी दुप्पट होणे, ही धोक्याची चिन्हे होत. काही मोठ्या रुग्णालयांत पीएलजीएफ आणि एसएफएलटी-1 हे वारेशी निगडित घटकही मोजतात. पहिला रक्तवाहिन्यांच्या वाढीस साहाय्य करतो, दुसरा त्यात अडथळा आणतो. या विकारात पहिला घटतो व दुसरा वाढतो. ही तपासणी प्रत्येकीस आवश्यक नसते. तिचा अहवाल चांगला आला, तरी रक्तदाब मोजणे थांबवू नये.

अहवाल मिळताच, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. दरमहा 9 तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात शासकीय आरोग्य संस्थांमध्ये तपासणी विनामूल्य होते. मात्र तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, उजव्या बरगडीखाली वेदना, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल मंदावणे किंवा आकडी येणे, यांपैकी काहीही घडल्यास त्या तारखेची वाट पाहू नये. तत्काळ 102 किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रसूतीनंतरही सहा आठवडे हीच दक्षता बाळगावी.

सासूबाई, पतिराज, आपणही तिच्यासोबत दवाखान्यात चला. अहवालातील आकडे घरातील सर्वांना ठाऊक असले, तर निर्णयास उशीर होत नाही. आणि वेळेवर घेतलेल्या निर्णयाने आई व बाळ या दोघांचेही प्राण वाचू शकतात.