रविवारची गाडी



कामगारांच्या माणसाने पोर्शेवर बोलावे, याचे कुणाला हसू येईल. येऊ द्या. मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. तेव्हा रविवारच्या गाडीवर बोलण्याचा आमचाही हक्क आहे. आणि जर्मन गाडी कोल्हापूरला नवी नव्हे. छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला आपण पाहतोच.

जुन्या दोन पोर्शे घ्या. ९११ चे इंजिन मागे, १९९८ पर्यंत हवेवर थंड होणारे. भर वळणावर भिऊन पाय एकदम उचललात, की मागची बाजू बाहेर फेकली जाऊ पाहते. ९४४ ही १९८२ ते १९९१ मधली. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, म्हणून वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखे. आंबा घाटात नवशिक्याने हीच न्यावी. किंमतही सहसा कमी. पण हिच्या इंजिनाचा दातेरी पट्टा वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. स्वस्त गाडी एका क्षणात महाग होते.

आमचे मत ९४४ ला. मात्र पट्ट्याचे आणि मिस्त्रीच्या मजुरीचे पैसे आधी बाजूला काढा. गाडीला लाखो मोजून मजुरीला घासाघीस करणारा मालक आम्ही पुष्कळ पाहिला आहे. मिस्त्रीलाही रविवार असतो. शनिवारी संध्याकाळी गाडी त्याच्या दारात आणून टाकू नका.